ओळखा पाहू : सगळ्या खुणा खोट्या असलेली अभिनेत्री

१/
चरित्रातील खुणांवरून कलावंत ओळखणे हा चित्रपट-इतिहासाच्या प्रश्नमंजूषेतील जुना आणि आवडता खेळ. जन्मगाव, आईवडील, बालपण, पहिली नोकरी, गाजलेली भूमिका अशा पाच-सहा खुणा द्यायच्या आणि समोरच्याने नाव सांगायचे. या धाग्यातील खुणा एका अभिनेत्रीच्या आहेत. १९३०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतील चित्रपटरसिकांना तिची ओळख जशी करून दिली जात असे, तशाच त्या येथे दिल्या आहेत. उत्तराकडे जाण्यापूर्वी एकदा प्रयत्न करून पाहावा.

२/
जन्म ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर, होबार्ट शहरी. वडील ब्रिटिश सैन्यातील अधिकारी, मुलीच्या जाणत्या वयापूर्वीच निवर्तलेले. त्यानंतरचे बालपण हिंदुस्थानात, प्रतिष्ठित इंग्रज आप्तांच्या छायेत. ऐन तारुण्यात इंग्लंडला प्रयाण आणि तेथून चित्रपटसृष्टीत प्रवेश. १९३५ साल कारकिर्दीतील मोठ्या यशाचे.

३/
मुंबईच्या चित्रपटांचा इतिहास ठाऊक असलेल्याच्या ओठांवर प्रथम ‘फिअरलेस नादिया’ हे नाव येईल, आणि त्यात नवल नाही. नादिया म्हणजे मेरी अ‍ॅन इव्हान्स. जन्म १९०८, ऑस्ट्रेलियातील पर्थ. वडील ब्रिटिश सैनिक, पहिल्या महायुद्धात कामी आलेले. लहानपणीच ती मुंबईत आली आणि १९३५ साली वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’ने तिचे नाव घरोघरी पोहोचवले. ऑस्ट्रेलिया, सैनिक पिता, हिंदुस्थान, १९३५ : चार खुणा जुळतात. जन्मगाव मात्र जुळत नाही, आणि इंग्लंडचे यशही.

४/
होबार्टवर बोट ठेवणारा दुसरा कोणी एरॉल फ्लिन सुचवील. फ्लिन खरोखरच होबार्टचा, जन्म १९०९ चा, आणि ‘कॅप्टन ब्लड’ने त्याला नायकपद दिले तेही १९३५ मध्येच. परंतु येथे प्रश्न अभिनेत्रीचा आहे आणि फ्लिनचे बालपण हिंदुस्थानात गेलेले नाही.

५/
उत्तर : मर्ल ओबेरॉन. ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ (१९३३) मधील अ‍ॅन बोलीन, ‘द स्कार्लेट पिंपरनेल’ (१९३४) ची नायिका, ‘वुदरिंग हाइट्स’ (१९३९) मधील कॅथी. ‘द डार्क एंजल’ (१९३५) या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळालेली तारका.

ज्याने हे नाव अचूक ओळखले त्याचे कौतुक अवश्य करावे. मात्र वर दिलेल्या खुणांपैकी जन्म, पिता आणि आप्तपरिवार यांविषयीच्या सगळ्या खुणा खोट्या आहेत. पन्नास वर्षे चरित्रकोश, वृत्तपत्रे आणि चित्रपट-मासिके त्याच खुणा छापत राहिली.

६/
आता तोच खेळ खऱ्या खुणांनी.

जन्म १९ फेब्रुवारी १९११, मुंबई. जन्मनाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. नोंदीतील पिता आर्थर थॉम्पसन, उत्तर इंग्लंडमधील डार्लिंग्टनचा, हिंदुस्थानातील रेल्वेत काम करणारा यांत्रिक अभियंता. महायुद्ध सुरू झाल्यावर तो सैन्यात गेला आणि परतला नाही. म्हणजे ‘सैन्यातील पिता’ या असत्यात सत्याचा एक कण होता. बहुतेक टिकाऊ असत्यांत तो असतोच.

७/
घरातले लाडाचे नाव ‘क्वीनी’. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी दिल्ली दरबारासाठी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. ज्या भेटीच्या स्मरणार्थ पुढे गेटवे ऑफ इंडिया उभे राहिले, तीच ही भेट. राणीच्या त्या आगमनावरून मुलीला ‘क्वीनी’ म्हणू लागले, असे सांगितले जाते.

१९११ या सालाला आणखी एक अर्थ आहे. मिश्र वंशाच्या लोकांसाठी तोवर सरकारदरबारी ‘युरेशियन’ हा शब्द चाले. त्या वर्षीच्या जनगणनेपासून त्यांच्यासाठी ‘अँग्लो-इंडियन’ हे नाव अधिकृतपणे स्वीकारले गेले. ज्या समाजाला सरकारने नाव दिले, त्याच समाजात त्याच वर्षी ही मुलगी जन्मली, आणि पुढील सारे आयुष्य तिने ते नाव स्वतःला चिकटू न देण्यात खर्चले.

८/
ते नाव टाळावेसे का वाटे, हे समजण्यासाठी त्या समाजाची स्थिती पाहावी लागते. रेल्वे, तार, टेलिफोन, सीमाशुल्क ही अँग्लो-इंडियन समाजाची ठरलेली नोकरीची क्षेत्रे. त्यांच्याशिवाय साम्राज्याचे चाक फिरत नसे, तरीही इंग्रजांच्या क्लबाचे दार त्यांना सहसा उघडत नसे. हिंदी समाजही त्यांना आपले मानीत नसे. एकाच घरातील दोन भावंडांपैकी गोऱ्या वर्णाचे ‘इंग्रज’ म्हणून खपून जाई आणि सावळे मागे राही. वर्णाच्या एका छटेवर पगार, सोयरीक आणि रेल्वेच्या डब्यातील जागा ठरत असे.

९/
क्वीनी सहा वर्षांची असताना, १९१७ साली, कुटुंब कलकत्त्यास गेले. ला मार्टिनिअर या नामांकित शाळेत तिला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. पण तिच्या मिश्र वंशावरून सहाध्यायिनींनी तिला इतके टोचून बोलावे की शेवटी शाळा सुटली आणि शिक्षण घरीच झाले. पुढे तिने टेलिफोन ऑपरेटरची नोकरी धरली, हौशी नाट्यसंस्थेत कामे केली आणि चौरंगीवरील फिर्पोज या उपाहारगृहाच्या झगमगाटात ती वावरू लागली.

१०/
येथवरच्या खऱ्या खुणा ऐकूनही एखादा चतुर वाचक दुसरेच नाव सांगेल : सुलोचना. (‘सुलोचनादीदी’ नव्हे, मूकपटांच्या काळातील पहिली सुलोचना.) तिचे खरे नाव रूबी मायर्स, जन्म १९०७, पुणे, बगदादी ज्यू कुटुंब. तीही टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला पडद्यावर आणले. ‘टायपिस्ट गर्ल’ (१९२६) आणि ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (१९२७) यांनी ती देशातील सर्वांत मोठी तारका झाली. दुसऱ्या चित्रपटात तिने एकटीने आठ भूमिका केल्या होत्या. पुढे १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला.

दोन टेलिफोन ऑपरेटर, दोघींचा वंश लोकांच्या दृष्टीने ‘मध्ये कुठेतरी’. एक मुंबईत येऊन सुलोचना झाली, दुसरी मुंबईत जन्मून मर्ल ओबेरॉन. नाव दोघींनीही बदलले. परंतु रूबी मायर्स कोण, कुठली, हे मुंबईच्या प्रेक्षकाला ठाऊक होते आणि त्याने तिला डोक्यावर घेतले. दुसरीला ती सोय नव्हती.

११/
१९२०च्या दशकाच्या अखेरीस क्वीनी आईसह युरोपात पोहोचली. आधी फ्रान्स, मग लंडन. रात्रीच्या क्लबांत ‘क्वीनी ओब्रायन’ या नावाने यजमानीणीचे काम, दिवसा चित्रपटांत गर्दीतील किरकोळ भूमिका. तेथे तिच्यावर अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्याची नजर पडली.

कोर्डा हाही बनवलेल्या नावाचाच माणूस. हंगेरीतील ज्यू कुटुंबात जन्मलेला शांडोर केल्नर. ब्रिटिश साम्राज्याचे सर्वांत भव्य चित्रपट काढण्याचे काम पुढे याच परक्याने केले. ‘ओब्रायन’चे ‘ओबेरॉन’ झाले. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील परीराजाचे हे नाव, पण ऐकताना अस्सल आयरिश कुळ वाटावे असे.

१२/
नावाला साजेसे जन्मगाव हवे होते. होबार्टची निवड अत्यंत विचारपूर्वक झालेली दिसते. शहर ब्रिटिश असावे म्हणजे वर्णाची शंका येणार नाही, आणि इतके दूर असावे की लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा वार्ताहर तेथे जाऊन जन्मनोंदवही उघडणार नाही. या दोन्ही अटी पूर्ण करणारे पृथ्वीच्या पाठीवर त्या काळी याहून सोयीचे गाव क्वचितच असेल. बोलण्यात हिंदुस्थानची आठवण आलीच, तर त्याचा खुलासा ‘बालपण तेथे गेले’ या वाक्याने होई. मात्र वडिलांच्या मृत्यूचा तपशील सांगण्यागणिक बदलत असे.

१३/
येथे एक प्रश्न उपस्थित होईल. हिंदुस्थानातील जन्म ही एवढी लपवण्याजोगी गोष्ट होती काय?

नव्हती, आणि त्याचा पुरावा त्याच काळातील दुसऱ्या तारकेकडे आहे. ‘गॉन विथ द विंड’ची नायिका व्हिव्हियन ली १९१३ साली दार्जिलिंगला जन्मली. ते तिच्या चरित्रात उघडपणे छापले जाई आणि त्यामुळे तिचे काही बिघडले नाही. गोऱ्या साहेबाची मुलगी डोंगरावरच्या गावात जन्मली, एवढाच त्याचा अर्थ होता. म्हणजे प्रश्न जन्मगावाचा नव्हता, आईच्या वर्णाचा होता. मुंबई हे नाव लपवायचे होते, कारण त्या नावामागोमाग आई दिसली असती.

१४/
कोर्डाच्या कारखान्यातच याचे दुसरे टोक सापडते. १९३७ मध्ये त्याच्या कंपनीने ‘एलिफंट बॉय’ काढला. नायक होता म्हैसूरकडील एका माहुताचा मुलगा, साबू. साबूच्या बाबतीत प्रसिद्धीचे सूत्र अगदी उलटे : तो हिंदी आहे, हत्तींच्या पिलखान्यात वाढला आहे, हेच जाहिरातीचे भांडवल. त्याचा जन्म विकला गेला आणि मर्लचा पुरला गेला, दोन्ही एकाच संस्थेकडून. मुलगा माहूत, जंगलातला बालक, ‘अलीबाबा’छाप चोर अशा भूमिका करणार होता. मुलीला इंग्लंडची राणी आणि यॉर्कशरची कॅथी व्हायचे होते.

१५/
अमेरिकेत गेल्यावर धोका अधिक गंभीर झाला, कारण तेथे तो केवळ लोकांच्या नजरेत नव्हता, कायद्यातही होता. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाचा मोठा भाग प्रवेशासाठी निषिद्ध ठरवला होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिकत्वास पात्र नाही. (हे भगतसिंग वेगळे, अमेरिकेच्या सैन्यात सेवा केलेले पंजाबी शीख गृहस्थ.) हे दार थोडेसे उघडले ते १९४६ मध्ये, तेही वर्षाला शंभर माणसांच्या मर्यादेने.

त्याबरोबर चित्रपटसृष्टीची स्वतःची आचारसंहिता होती. १९३० मध्ये लिहिलेल्या आणि १९३४ पासून कडकपणे राबवलेल्या त्या नियमांत भिन्न वर्णांच्या स्त्री-पुरुषांचे प्रेमसंबंध दाखवण्यास मनाई होती. नियमाचा मूळ रोख गोऱ्या आणि काळ्या अमेरिकनांकडे असला तरी त्याची सावली आशियाई कलावंतांवरही पडली. अ‍ॅना मे वाँग ही अमेरिकेत जन्मलेली चिनी वंशाची मोठी अभिनेत्री. ‘द गुड अर्थ’ (१९३७) या चिनी शेतकऱ्यांवरील चित्रपटात नायक गोरा नट होता, म्हणून चिनी नायिकेची भूमिकाही तिला न मिळता गोऱ्या लुईझ रायनरला गेली. रायनरला त्याबद्दल ऑस्कर मिळाले.

हे उदाहरण डोळ्यांसमोर असताना मर्लने सत्य सांगावे अशी अपेक्षा आज करणे सोपे आहे. त्या वेळी सत्याची किंमत कारकीर्द हीच होती.

१६/
सुरुवातीला तिला ‘परदेशी सौंदर्या’च्या भूमिका मिळत. ‘द बॅटल’ (१९३४) मध्ये तर ती जपानी सरदाराची पत्नी झाली. गोरी समजली गेलेली नटी आशियाई स्त्री रंगवू शकत होती. आशियाई समजली गेलेली नटी काय रंगवू शकली असती, हे अ‍ॅना मे वाँगने पाहिलेच होते.

निर्माता सॅम्युएल गोल्डविनने ‘द डार्क एंजल’मध्ये तिला साध्यासुध्या इंग्रज मुलीच्या रूपात उभे केले, आणि त्याच भूमिकेने तिला नामांकन दिले. मार्च १९३६ च्या त्या सोहळ्यात सहा नामांकने होती आणि पुरस्कार ‘डेंजरस’साठी बेट डेव्हिसला मिळाला. त्या सायंकाळी आशियात जन्मलेली, आशियाई रक्ताची एक स्त्री प्रथमच या सन्मानासाठी स्पर्धेत आहे, हे सभागृहात फार थोड्यांना ठाऊक असेल.

१७/
‘वुदरिंग हाइट्स’ची गंमत तर याहून वरची. एमिली ब्राँटेच्या कादंबरीतील हीथक्लिफ हा काळसर वर्णाचा, अज्ञात कुळातला, रस्त्यावर सापडलेला मुलगा. त्याच्या रंगावरून आणि कुळावरून त्याचा सतत अपमान होतो आणि गोरी कॅथी त्याला सोडून प्रतिष्ठित घरात लग्न करते. १९३९ च्या चित्रपटात हीथक्लिफ झाला इंग्रज लॉरेन्स ऑलिव्हिए आणि कॅथी झाली मुंबईची क्वीनी थॉम्पसन. कुळ लपवलेली व्यक्ती चौकटीत होती खरी, फक्त ती दुसऱ्या भूमिकेत होती.

१८/
या साऱ्याची झळ जिला सर्वाधिक पोहोचली, ती पडद्यावर कधीच आली नाही.

मर्लसोबत हिंदुस्थानातून निघालेली आई म्हणजे शार्लट सेल्बी. ती सिलोनची, मिश्र वंशाची, सावळ्या वर्णाची. लंडनमध्ये ती मुलीजवळच राहिली. चरित्रकार सांगतात की, पाहुणे आले की ती घरातील मोलकरीण म्हणून वावरत असे आणि मुलगी तिची ओळख तशीच करून देत असे. १९३७ मध्ये शार्लट वारली. तोवर मुलगी ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचली होती.

१९४९ मध्ये मर्लने एका जुन्या छायाचित्रावरून आईचे तैलचित्र काढवून घेतले. चित्रकाराला सूचना होती : वर्ण उजळ करावा. ते चित्र पुढे तिच्या घरांतील भिंतींवर तिच्या मृत्यूपर्यंत राहिले. मोलकरीण म्हणून जी घरात राहू शकली, ती आई म्हणून भिंतीवर यायला रंग बदलावा लागला.

१९/
रंगाचा हा व्यवहार मर्लच्या स्वतःच्या चेहऱ्यावरही चालू होता. १९३७ मध्ये लंडनमध्ये तिच्या मोटारीला अपघात झाला आणि चेहऱ्यावर व्रण राहिले. योसेफ फॉन स्टर्नबर्ग दिग्दर्शित करीत असलेला ‘आय, क्लॉडियस’ त्यानंतर अर्धाच सोडून देण्यात आला. १९४० मध्ये सौंदर्यप्रसाधनांची विषबाधा आणि सल्फा औषधांची प्रतिक्रिया यांनी त्वचा आणखी बिघडली. वेदनादायक उपचारही पुरे पडले नाहीत.

मार्ग काढला तो छायालेखक ल्युसिएन बॅलार्डने. ‘द लॉजर’ (१९४४) च्या वेळी त्याने कॅमेऱ्यालगत एक लहान दिवा बसवला. समोरून सरळ चेहऱ्यावर पडणाऱ्या त्या प्रकाशात व्रण, सुरकुत्या आणि सावल्या पुसल्या जात. कोर्डाशी घटस्फोट झाल्यावर १९४५ मध्ये मर्लने बॅलार्डशीच विवाह केला. तो दिवा आजही छायालेखनाच्या व्यवसायात तिच्या नावावरून ‘ओबी’ म्हणून ओळखला जातो.

२०/
होबार्टकर मात्र या सगळ्यापासून अनभिज्ञ होते आणि आपल्या लेकीचा त्यांना अभिमान होता. इतकेच नव्हे, तर बेटावर तिच्या जन्माची स्वतंत्र दंतकथा वाढली. ती एका हॉटेलात काम करणाऱ्या चिनी वंशाच्या स्थानिक स्त्रीची मुलगी आहे, असे तेथील कित्येक लोक ठामपणे सांगत. लंडनमध्ये बसून रचलेल्या एका वाक्याला टास्मानियात आई, गाव आणि साक्षीदारही मिळाले. तोंडी इतिहासाची साधने वापरणाऱ्याने हा प्रकार विशेष लक्षात ठेवावा : आठवण सांगणारा माणूस खोटे बोलत नव्हता, आणि तरीही आठवण खरी नव्हती.

२१/
१९७८ मध्ये होबार्टच्या महापौरांनी तिचा नागरी सत्कार ठरवला. समारंभाच्या थोडे आधी अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले की, तिच्या येथील जन्माचा कोणताही पुरावा नाही. पण निमंत्रणे गेली होती, अब्रूचा प्रश्न होता, म्हणून समारंभ पार पडला. तेथे सदुसष्ट वर्षांच्या मर्लने, उपस्थितांची निराशा करीत, आपण येथे जन्मलो नाही असे सांगितले आणि प्रकृतीचे कारण देऊन ती निघून गेली. त्याच दिवशी मोटारचालकाला तिने आणखी एक नवी कथा सांगितली होती : लहानपणी वडिलांबरोबर बोटीने जात असता ते आजारी पडले, म्हणून होबार्टला उतरावे लागले, वगैरे. उरलेला मुक्काम तिने हॉटेलच्या खोलीतच काढला.

पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी, कॅलिफोर्नियात ती निवर्तली. सत्य तिने अखेरपर्यंत सांगितले नाही.

२२/
सत्य होते मुंबईच्या सरकारी दप्तरात.

१९८३ मध्ये चार्ल्स हायम आणि रॉय मोझली यांचे ‘प्रिन्सेस मर्ल’ हे चरित्र आले आणि मुंबईचा जन्म व मिश्र वंश जगजाहीर झाला. दोन वर्षांनी कोर्डाचा पुतण्या मायकल कोर्डा याने याच कथेवर ‘क्वीनी’ नावाची कादंबरी लिहिली. सर्वांना वाटले, कोडे सुटले. पण त्या चरित्रातही एक खूण चुकलेलीच होती.

२३/
शार्लटला कॉन्स्टन्स नावाची मोठी मुलगी होती. मर्लची ती थोरली बहीण असे सारे समजत. कॉन्स्टन्सने पुढे लग्न केले, तिला चार मुले झाली आणि ती मर्लला मावशी मानत वाढली. त्यांपैकी कॅनडात स्थायिक झालेल्या एका मुलाने मुंबईतील सरकारी नोंदींतून मर्लचा जन्मदाखला मिळवला, आणि त्यावर आईच्या जागी स्वतःच्याच आईचे नाव वाचले : कॉन्स्टन्स सेल्बी. तो भाचा नव्हता, एका आईचा भाऊ होता.

मर्लच्या जन्माच्या वेळी कॉन्स्टन्स अजून बालवयातच होती. घराची अब्रू राहावी म्हणून शार्लटने नातीला मुलगी म्हणून वाढवले होते. म्हणजे जी स्त्री लंडनमध्ये आईऐवजी मोलकरीण म्हणून राहिली, तिने त्यापूर्वी मुंबईत आजीऐवजी आई म्हणून राहण्याचे पत्करले होते. प्रसिद्धी-विभागाच्या असत्याखाली घराचे स्वतःचे एक जुने असत्य दडलेले होते, आणि त्याचा उद्देश अगदी निराळा होता.

२४/
तो भाऊ मर्लच्या हयातीत तिला भेटण्यासाठी लॉस एंजेलिसला गेला होता. तिने भेट नाकारली. पुढे चरित्रकार हायम त्याच्याकडे चौकशीस आला, तेव्हा त्याने दाखल्याविषयी अवाक्षर काढले नाही. ज्या बहिणीने दारातून परत पाठवले, तिचे गुपित त्याने आणखी कित्येक वर्षे सांभाळले. शेवटी ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिका मरी डेलोफ्स्की हिच्या ‘द ट्रबल विथ मर्ल’ (२००२) या माहितीपटासाठी त्याने ते उघड केले. होबार्टची दंतकथा तपासायला निघालेल्या माहितीपटाचा शोध असा मुंबईच्या एका कागदापाशी येऊन थांबला.

२५/
मार्च २०२३ मध्ये मलेशियाची मिशेल यो सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर जिंकली. तिच्या नामांकनाची बातमी देताना ‘पहिली आशियाई अभिनेत्री’ एवढे लिहून भागेना. वृत्तपत्रांना ‘स्वतःस आशियाई म्हणवणारी पहिली’ अशी शब्दरचना करावी लागली. सत्याऐंशी वर्षांपूर्वीच्या यादीत मर्ल ओबेरॉनचे नाव होते, आणि ते वगळून वाक्य खरे होत नव्हते.